ईस्टर म्हणजे हॅपी एंडिंग नव्हे

ख्रिसमसला ऑफिसात झाड लागतं, केक येतो, सिक्रेट सॅन्टा होतो. ईस्टरला काय होतं? गुड फ्रायडेची सुट्टी मिळते, लोक तिला शनिवार-रविवार जोडून कोकणात पळतात आणि जाता जाता ग्रुपवर 'हॅपी गुड फ्रायडे' टाकून जातात. (ज्या दिवशी एका माणसाला खिळे ठोकून मारलं त्या दिवसाला हॅपी कसं म्हणायचं, असं विचारावंसं वाटतं. पण तोवर मंडळी ताम्हिणी घाटात असतात, रेंज नसते.) रविवारी एखाद-दोन रंगीत अंड्यांचे फोटो येतात. आणि सोमवारी स्टँडअप मीटिंगमध्ये एखादा भला माणूस विचारतो, "अरे, तुमचा ईस्टर झाला नं? ते नक्की काय असतं रे?"

प्रश्न मला आवडतो. पण स्टँडअपमध्ये प्रत्येकाला दोन मिनिटं. त्यामुळे "येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, त्याचा सण" एवढं सांगून मी मोकळा होतो, समोरचा "अच्छा अच्छा" म्हणतो आणि आम्ही काल कुठलं तिकीट क्लोज केलं त्याकडे वळतो. आज वीकेंड आहे, घाई नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी सोपा भाग. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, ती २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कुठेही येऊ शकते. वसंत-संपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार, असा ढोबळ नियम. म्हणजे आपल्या सणांसारखंच चंद्राचं गणित. डोनाल्ड क्नूथच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या पहिल्या खंडात ही तारीख काढायचा प्रोग्रॅम लिहा असा एक स्वाध्यायच आहे. तारीख अल्गोरिदमने निघते. अर्थ मात्र तसा निघत नाही, आणि गंमत म्हणजे अर्थाचा घोळ फक्त बाहेरच्यांच्या डोक्यात नसतो. मी वसईत वाढलो, लहानपणापासून पवित्र सप्ताहातली एकही मिस्सा चुकवली नाही, आणि तरी सांगतो, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या डोक्यातही तो भरपूर आहे.

घोळ साधारण तीन प्रकारचा असतो.

पहिला म्हणजे पुनर्जन्म. मराठी कानाला 'पुनरुत्थान' आणि 'पुनर्जन्म' हे शब्द शेजारी शेजारी राहतात, त्यामुळे साहजिक आहे. पण पुनर्जन्मात जुना देह टाकून नवा घ्यायचा असतो, मागचं नाव, मागची नाती सुटतात. पुनरुत्थानात तोच माणूस उठतो. त्याच्या मैत्रिणीला त्याने नावाने हाक मारली की आवाज ओळखू येतो, तोच.

दुसरा म्हणजे अमर आत्मा. 'शरीर गेलं, आत्मा देवाघरी गेला, तो वरून बघतोय.' आमच्याकडच्या कित्येक अंत्यविधींमधे एवढंच बोललं जातं. पण दर रविवारी मिस्सेत जो विश्वास आम्ही उभं राहून म्हणतो, त्यात मृतांच्या पुनरुत्थानाची वाट बघतो असं आहे. प्रेषितांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मतांगीकारात तर सरळ शरीराचाच उल्लेख आहे. नुसता आत्मा सुटून गेला एवढ्याने ख्रिस्ती श्रद्धेचं समाधान होत नाही.

तिसरा घोळ आपल्या पिढीचा, म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंग. रात्रीनंतर पहाट, शिशिरानंतर पालवी, अपयशानंतर यश. गुड फ्रायडे म्हणजे वाईट क्वार्टर आणि ईस्टर म्हणजे पुढच्या क्वार्टरचं ग्रोथ. लिंक्डइनवर अशा पोस्टी दर वर्षी उगवतात. ऐकायला छान वाटतं, पण पहाट ही रात्रीनंतर आपोआप होते. मेलेला माणूस आपोआप उठत नाही. ज्याने कुणी जवळचं माणूस पुरलंय किंवा जाळलंय त्याला हे उदाहरण देऊन बघा.

मग पुनरुत्थान म्हणजे नक्की काय? इथे बायबलमधला एक फरक कामाला येतो. येशूने लाजर नावाच्या मित्राला थडग्यातून उठवलं अशी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ते बॅकअपवरून रिस्टोअर. सिस्टीम होती तशी परत चालू, त्याच मर्यादांसकट. लाजर पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. येशूबद्दल जे सांगितलंय ते वेगळं आहे. पौल त्यासाठी शेतीतला दाखला देतो. दाणा पेरला की जे उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही, पण ते त्या दाण्याचंच असतं. म्हणजे सातत्यही आहे आणि बदलही. हे कसं होतं याचा मेकॅनिझम पौल सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही.

पण हा विचार आला कुठून, हे मात्र इतिहासात बघता येतं, आणि माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे.

ज्यू लोकांच्या जुन्या ग्रंथांत मरणानंतरच्या आयुष्याबद्दल फार काही नाही. मेलेली माणसं 'शेओल' नावाच्या अंधाऱ्या जागी जातात, विषय संपला. पुनरुत्थानाची ठसठशीत भाषा येते ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात. अँटायोकस चौथा या ग्रीक वंशाच्या राजाने इसवी सनापूर्वी १६७च्या सुमारास ज्यूंच्या धर्माचरणावर बंदी घातली. न जुमानणाऱ्यांना हालहाल करून मारलं. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एका आईची आणि तिच्या सात मुलांची गोष्ट आहे. एकेकाला आईच्या डोळ्यांदेखत मारतात. त्यातला एक हात पुढे करून म्हणतो, हे मला देवानेच दिले, त्याच्याकडूनच ते मला परत मिळतील.

इथे थांबून विचार करा. प्रश्न काय होता? 'मी मेल्यावर माझं काय होईल' हा नव्हता. प्रश्न होता: देव जर न्यायी असेल, तर जो खरं वागला म्हणून मारला गेला त्याचा हिशेब कुठे होणार? मारणारा राजा गादीवर, मरणारा खड्ड्यात, आणि हेच शेवटचं पान असेल तर देव न्यायी आहे असं म्हणण्यात काय अर्थ? पुनरुत्थानाची कल्पना या तक्रारीतून आली. ज्यांना अन्यायाने शरीरापासून तोडलं, त्यांना शरीर परत मिळालं पाहिजे, ही मागणी होती.

म्हणूनच येशूच्या काळी कोण काय मानत होतं हेही बघण्यासारखं आहे. परूशी पुनरुत्थान मानत. सदूकी मानत नसत. आणि हे सदूकी कोण? यरुशलेमच्या मंदिराच्या सत्तेशी जोडलेला, रोमनांशी जुळवून घेणारा सुखवस्तू वर्ग. ज्यांचं सध्या नीट चाललंय त्यांना शेवटचा हिशेब होणार ही बातमी सोयीची नसते. सॉफ्टवेअरमधेसुद्धा ऑडिटचं नाव काढलं की कोण अस्वस्थ होतं ते आपल्याला माहीत आहे!

आता गुड फ्रायडेकडे या. क्रूस ही आज गळ्यात घालायची नाजूक वस्तू झालीय. तेव्हा ती गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती, मुद्दाम रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर इसवी सनापूर्वी ७१मधे रोमनांनी कापुआ ते रोम या रस्त्यावर सुमारे ६,००० गुलाम क्रुसावर चढवले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. शिक्षेचा हेतूच तो होता. माणूस मारायचा आणि त्याचं असणंही पुसून टाकायचं.

येशूवरही हीच शिक्षा झाली. धार्मिक सत्तेने त्याला धर्मनिंदक ठरवलं, रोमन सुभेदार पिलाताने राजद्रोही म्हणून शिक्षा दिली. दोन्ही कोर्टांचा निकाल एकच. त्या पार्श्वभूमीवर दोन दिवसांनी त्याचे घाबरून लपलेले लोक 'तो उठलाय' म्हणायला लागले, तेव्हा ऐकणाऱ्या ज्यू माणसाला पहिला अर्थ काय कळला असेल? चमत्कार वगैरे नंतर. पहिला अर्थ असा की वरच्या कोर्टात निकाल फिरला. ज्याला तुम्ही गुन्हेगार म्हणालात त्याच्या बाजूने देव उभा राहिला.

हे खरंच घडलं का? वाचणाऱ्यांपैकी अर्धे लोक इथेच अडकलेत हे मला माहीत आहे. मी श्रद्धावान आहे, मी मानतो. पण मी तुम्हाला ते सिद्ध करून देणार नाही, कारण प्रयोगशाळेत पुन्हा करून दाखवता येईल अशी ही गोष्ट नाही. एवढंच सांगतो की मूळ मजकूर वाचला तर तो प्रचारासाठी लिहिल्यासारखा वाटत नाही. पौलाने करिंथकरांना पत्र लिहिलं ते घटनेनंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी, आणि त्यात तो म्हणतो की हे मला मिळालं तसं मी तुम्हाला देतोय, म्हणजे बातमी त्याहून जुनी. प्रत्यक्ष उठतानाचं वर्णन चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. रिकामी कबर पहिल्यांदा बायकांना दिसली असं चारही सांगतात, आणि त्या काळात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. बनवून सांगायचं असतं तर साक्षीदार असे निवडले नसते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या पूर्ण हस्तलिखितांत तर शेवट असा आहे की त्या बायका घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. बस, तिथेच संपतं. हॅपी एंडिंग असं लिहितात का कुणी?

आणि थोमाची गोष्ट. आपण त्याला संशयी म्हणून हिणवतो. पण तो काय मागत होता बघा. त्याला तेज, प्रकाश, पंख असलं काही नको होतं. त्याला जखमा बघायच्या होत्या. आणि उठलेल्या येशूच्या अंगावर त्या होत्या! नवं शरीर, मृत्यूच्या पलीकडचं, पण खिळ्यांच्या खुणा तशाच. मला ईस्टरच्या सगळ्या कथेत हा तपशील सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शुक्रवारी जे झालं ते रविवारी डिलीट झालं नाही. लॉगमधे ते राहिलं. 'झालं गेलं विसरून जा' असं ईस्टर म्हणत नाही.

आता 'आशा' या शब्दाकडे येतो, कारण शेवटी प्रश्न तोच आहे. आपण रोज जिला आशा म्हणतो ती बहुतेक वेळा ट्रेंड लाईन असते. मागच्या चार वर्षांचे आकडे चढते आहेत, रेघ पुढे ओढा, पुढचं वर्षही चांगलं. याला आशावाद म्हणावं. काही वाईट नाही त्यात, प्लॅनिंगला लागतो. पण रेघ खाली जात असेल तेव्हा तो काहीच कामाचा नसतो. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात ठेवला, रेघ कुठे चाललीय ते स्पष्ट दिसतंय, तेव्हा आशावादाकडे बोलायला शब्द उरत नाहीत. ख्रिस्ती आशा ट्रेंड लाईनवर उभीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी कुठलाही शहाणा ॲनालिस्ट रविवारचं भाकीत करू शकला नसता.

हा फरक विसाव्या शतकात ज्याने सगळ्यात जोरात मांडला तो जर्मन धर्मचिंतक युर्गन मोल्टमान. त्याची आशेकडची वाट काही सेमिनार रूममधून गेली नव्हती. १९४३च्या जुलैमधे हॅम्बुर्गवर बाँबवर्षाव झाला तेव्हा तो पोरसवदा होता, विमानविरोधी तोफेवर नेमलेला. शेजारी उभा असलेला मित्र मेला, हा वाचला. पुढे युद्धकैदी म्हणून त्याने तीन वर्षं काढली. छावणीत त्यांना नाझी छळछावण्यांचे फोटो दाखवले गेले, आणि आपल्याच देशाने काय केलं ते त्याला कळलं. घरात धर्माचं फारसं वातावरण नव्हतं. कुणीतरी बायबल दिलं, त्यात क्रुसावर येशू 'देवा, मला का सोडलंस' म्हणून ओरडतो ते त्याने वाचलं आणि त्याला वाटलं, माझी अवस्था कळणारा कुणीतरी आहे. १९६४मधे त्याचं 'आशेचं धर्मशास्त्र' हे जर्मन पुस्तक आलं. २०२४च्या जूनमधे तो गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात माझ्या शब्दांत असं: ज्याला पुनरुत्थानाची आशा आहे, तो आजच्या परिस्थितीशी जुळवून घेऊ शकत नाही. आशा माणसाला शांत करत नाही, बेचैन करते. कारण जग कसं व्हायला हवं याचं एक उदाहरण त्याने बघितलेलं असतं आणि समोर तर भलतंच चाललेलं असतं.

यावर कुणी म्हणेल (आणि आमच्या टीममधे असं म्हणणारे आहेत), छान आहे, पण प्रत्यक्षात धर्माने उलटंच केलं. 'इथे सोसा, वर मिळेल' हे सांगून गरिबांना गप्प बसवलं. मार्क्सने धर्माला अफू म्हटलं ते उगाच नाही. मला हा आक्षेप टाळायचा नाही. तो बऱ्याच अंशी खरा आहे. वसाहतींच्या काळात, गुलामांच्या मळ्यांवर, जमीनदारांच्या गावांत असं प्रवचन भरपूर झालं. पण त्यासाठी पुनरुत्थानाची धार आधी बोथट करावी लागली. 'शरीर उठेल, न्याय होईल' यातून शरीरही काढलं आणि न्यायही काढला, उरला तो फक्त ढगांवरचा आत्मा. अफू तिथे आहे. पौलाचा पुनरुत्थानावरचा मोठा अध्याय संपतो तो 'म्हणून निवांत बसा' असं सांगून नाही. तो म्हणतो, म्हणून काम करत राहा, तुमचे कष्ट फुकट जाणार नाहीत.

हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. १८८०मधे भाऊ गेला. १८८२मधे नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. ही ट्रेंड लाईन कुठे जाते सांगा बरं! या बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा बायका आणून तिथे ठेवल्या, शिकवल्या, हाताला काम दिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून मराठीत बायबल आणायला घेतलं, साध्या बाईमाणसाला कळेल अशा भाषेत, आणि छपाईच्या कामाला मुक्तीमधल्याच बायका. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती मुलगी मनोरमा १९२१मधे वारली. रमाबाई भाषांतरावर काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. त्यांच्या धर्मांतरावर तेव्हा वाद झाले, आजही होतात, व्हायला हरकत नाही. माझा मुद्दा एवढाच की पुनरुत्थान मानणारी ही बाई हात जोडून वरच्या जगाची वाट बघत बसली नाही. तिने भुकेल्या मुलींना आधी जेवायला घातलं. शरीर महत्त्वाचं मानणाऱ्या श्रद्धेतून हेच निघायला हवं.

आणि मग २०१९चा ईस्टर. २१ एप्रिलला सकाळी श्रीलंकेत तीन चर्च आणि तीन मोठ्या हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले. अडीचशेहून जास्त माणसं मेली. नेगोंबोच्या सेंट सबॅस्टियन चर्चमधेच शंभरावर. सगळे पुनरुत्थानाची मिस्सा ऐकायला आलेले, नवे कपडे घातलेली मुलं बरोबर घेऊन. त्या चर्चमधला एक फोटो तेव्हा जगभर गेला: पुनरुत्थित येशूचा पुतळा, आणि त्यावर उडालेलं रक्त. त्या फोटोखाली 'रात्रीनंतर पहाट' लिहून दाखवा कुणी. नाही लिहिता येत.

पण तिथल्या लोकांनी जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. मेलेल्यांना पुरलं, रडले, पुढच्या वर्षांतही ईस्टरला चर्चमधे आले. आणि गप्प बसले नाहीत. हल्ल्याची आगाऊ खबर असूनही यंत्रणांनी काही केलं नाही, याचा जाब कोलंबोचे कार्डिनल माल्कम रंजित आणि पीडितांची कुटुंबं वर्षानुवर्षं मागत राहिली. जानेवारी २०२३मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला सांगितली. मेलेली माणसं त्याने परत आली नाहीत, आणि सगळी उत्तरंही मिळाली नाहीत. पण 'देवाची इच्छा' म्हणून फाईल बंद करायला त्यांनी नकार दिला. मक्काबींच्या काळातली ती आई त्यांना ओळखेल असं मला वाटतं.

'देवाची इच्छा'वरून आठवलं, आणि मला खरं तर हेच सांगायचं होतं. २०२१च्या एप्रिल-मेमधे आपण सगळ्यांनीच माणसं गमावली. माझ्या ओळखीतल्या एका घरात पंधरा दिवसांत नवरा-बायको दोघं गेली. मागे कॉलेजात जाणारी मुलगी. प्लास्टिकमधे गुंडाळलेली बॉडी, दुरून दर्शन, शेवटचा हात लावणं नाही. आणि तिला लोकांनी फोनवर काय सांगितलं? 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.' 'आत्मा अमर आहे, शरीराचं काय एवढं.' 'बी पॉझिटिव्ह.' सगळे भले लोक, प्रेमाने बोलले. पण या तीनही वाक्यांचा ईस्टरशी काही संबंध नाही.

ईस्टर काय म्हणतो? पौल मृत्यूला शत्रू म्हणतो. शेवटचा शत्रू. मित्र, सुटका, देवाचा पोस्टमन असं काही म्हणत नाही. लाजरच्या थडग्यापाशी येशू, जो पुढच्या पाच मिनिटांत त्याला उठवणार होता तो येशू, आधी रडला. उत्तर माहीत असूनही रडला. म्हणजे रडणं हा श्रद्धेचा अभाव नाही. उलट पुनरुत्थान मानणाऱ्याला मरणावर चिडण्याचा पूर्ण हक्क आहे, कारण हे असं व्हायला नको होतं हे त्याचं मूळ म्हणणंच आहे. आणि 'शरीराचं काय एवढं' हे तर ख्रिस्ती माणसाने अजिबात म्हणू नये. त्या मुलीला आईच्या कपाळाला हात लावायचा होता. ती मागणी बालिश नव्हती. शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांना तरी ती कळायला हवी होती. (त्या काळात दफनाऐवजी दहन करावं लागलं म्हणून काही घरांत अपराधीपणा राहून गेला. त्यांच्यासाठी: कॅथलिक चर्चने १९६३पासून दहनाला परवानगी दिलेली आहे. देवाला राखेची अडचण होत नाही.)

मग तिला म्हणायचं काय? खरं सांगू, पहिल्या दिवशी काहीच नाही. आमच्या पवित्र सप्ताहात एक विचित्र दिवस आहे, शनिवार. शुक्रवारचा आक्रोश झालेला, रविवार उजाडायचा. त्या दिवशी दिवसभर मिस्सा नसते, वेदी उघडी, घंटा बंद. काहीही घडत नाही. रात्री अंधारात चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मेणबत्ती लागते आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. पण त्याआधीचा अख्खा दिवस रिकामा. आपण सगळे हा दिवस उरकायला बघतो, शुक्रवारवरून थेट रविवारवर उडी. दुःखात असलेल्या माणसाला मात्र महिनोन्‌महिने शनिवारच चालू असतो. त्याच्याबरोबर तिथे बसणं, डबा पोचवणं, बँकेची आणि विम्याची कागदपत्रं भरून देणं, मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहणं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. रविवार आणणं आपल्या हातात नाही. तो आपण कधी आणलेलाच नाही.

माझ्या वाचकांतले बरेच जण ख्रिस्ती नाहीत, काही कशावरच विश्वास न ठेवणारे आहेत. तुम्ही पुनरुत्थान मानावं असा माझा आग्रह नाही. पण निदान आम्ही काय मानतो ते नीट कळावं. आम्ही असं मानत नाही की शेवटी सगळं आपोआप छान होतं. आम्ही मानतो की ज्याला गुन्हेगार ठरवून पुसून टाकलं, त्याच्या बाजूने देव एकदा उभा राहिला, म्हणून तो पुसलेल्या सगळ्यांच्या बाजूने उभा राहील. त्या ६,००० बिननावाच्या गुलामांच्याही. आणि हे खरं असेल तर आज ज्यांना पुसलं जातंय त्यांच्या बाजूने उभं राहणं हे आपलं काम आहे. चर्चमधे जाऊन मेणबत्ती धरली आणि हे केलं नाही, तर ईस्टर अर्धाच झाला. हे मी स्वतःच्या समाजालाही तेवढंच सांगतोय.

असो. बरंच मोठं झालं. ईस्टर एका दिवसाचा नसतो हे जाता जाता सांगतो. आमचा पुनरुत्थान काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ५० दिवस चालतो. उपवासाचे दिवस ४० आणि आनंदाचे ५०, हिशेब नीट बघा! त्यामुळे शुभेच्छा द्यायच्या राहिल्या असतील तर अजून वेळ गेलेली नाही. फक्त गुड फ्रायडेला 'हॅपी' लावू नका. त्या दिवशी नुसता फोन केलात तरी चालेल.